सोसायटीचा निधी एकच, धोके दोन : आधी पाण्यासाठी खर्च करावा की उन्हासाठी?

सानपाडा_सचिव | 1 जून 2025, रात्री 9.40

नमस्कार. मी सानपाड्यातील एका चार मजली, 48 सदनिकांच्या सोसायटीची सचिव आहे. इमारत 1990 च्या दशकातील असून धारण तलावापासून (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावापासून) चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. मोसमी पावसाची मुंबईतील सर्वसाधारण तारीख 11 जून असल्याने आम्ही आवारातील गटार साफ करण्याचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवले होते. यंदा पाऊस 26 मे रोजीच दाखल झाला. त्या सोमवारी सकाळी स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांवरील मोकळ्या जागेत) घोटाभर पाणी होते, आणि मीटर रूमच्या उंबऱ्यावर आमच्या वॉचमनने विटा व सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रचून जेमतेम निभावून नेले. पाणी रस्त्यावरून आत आले असते तर मला नवल वाटले नसते. परंतु ते आमच्याच गटाराच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येत होते.

दुरुस्ती निधीत सध्या नऊ लाख रुपये आहेत. पहिल्या मजल्यावरील सभासदांचे म्हणणे, पंप घ्या आणि मीटर वर उचला. चौथ्या मजल्यावरील सभासदांचे म्हणणे, एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या घरात रात्री बारा वाजताही छत हाताला गरम लागते, म्हणून आधी गच्चीचे काम करा. दुसरा आणि तिसरा मजला नेहमीप्रमाणे तटस्थ आहे. विशेष सर्वसाधारण सभा 22 जूनला आहे. हवामान बदलते आहे हे सर्वांना मान्य आहे, वाद फक्त कोणाच्या मजल्यावर ते आधी बदलले याचा आहे. आपल्या सोसायट्यांनी काय केले, ते कृपया सांगावे.

तळमजलेवाला | 1 जून, रात्री 10.05

दुसरा-तिसरा मजला तटस्थ असतो, कारण त्यांना पाणीही लागत नाही आणि ऊनही लागत नाही. देखभाल शुल्क मात्र सारखेच लागते, म्हणून मतदानाच्या दिवशी ते खर्चाच्या विरोधात जातात, हे ध्यानात ठेवावे.

निवृत्त_स्थापत्य | 1 जून, रात्री 11.20

पाणी गटारातून उलटे आले, हा तुमच्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली आणि खाडीकाठची खाजणे (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या दलदलीच्या जमिनी) व मिठागरे भरून नवी मुंबईचे अनेक नोड, म्हणजे उपनगरे, वसवले गेले. ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा फारशी उंच नाही, काही ठिकाणी खालीच आहे. त्यामुळे पावसाचे पाणी कधीही खाडीत सोडून देता येईल, अशी सोय येथे नव्हती. त्यावर उपाय म्हणून डच धर्तीवर धारण तलाव बांधले. ओहोटी असताना नाल्यांचे पाणी तलावात येते आणि झडपांच्या दारांतून खाडीत निघून जाते. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच दारे बाहेरून दाबून बंद करते, मग शहरात पडणारा पाऊस तलावात साठत राहतो, आणि पुढची ओहोटी आली की दारे उघडून तो बाहेर पडतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. त्यातले जितके तास दार बंद, तितक्या तासांचा पाऊस पोटात घेण्याची क्षमता तलावात असली पाहिजे, एवढेच या रचनेचे गणित आहे.

आता हे गणित तीन बाजूंनी बिघडते. तलावांत गाळ साचला, म्हणून पोट लहान झाले. जगभरातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि 2006 नंतर ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढत आहे. पातळी वर गेली की दार बंद राहण्याचा काळ दोन्ही टोकांनी थोडा थोडा लांबतो. तिसरे म्हणजे, पाऊस कमी वेळात जास्त पडू लागला. तलाव भरलेला असताना नाल्यातील पाण्याला मागे फिरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते सर्वांत सखल आवाराच्या जाळीतून वर येते. तुमचे आवार बहुधा रस्त्यापेक्षा खाली असेल.

सानपाडा_सचिव | 1 जून, रात्री 11.32

होय. गेल्या वीस वर्षांत रस्ता दोनदा उंच केला गेला, आम्ही आहोत तिथेच राहिलो.

घोडबंदरकर | 2 जून, सकाळी 8.15

मला या चर्चेचा सूर मान्य नाही. गटार साफ झाले नव्हते, तलावातील गाळ काढला नव्हता, रस्ता बेहिशेबी उंच केला होता. या तिन्ही गोष्टी माणसांनी केल्या वा केल्या नाहीत. त्या सर्वांवर ‘हवामानबदल’ असे एक भारदस्त पांघरूण घातले की कोणालाच जाब विचारता येत नाही. आमच्या भागात नैसर्गिक ओढा होता, त्यावर आधी भिंत आली, मग स्लॅब आला आणि आता वाहनतळ आहे. संबंधित कार्यालयात अर्ज दिला तेव्हा ‘यंदा पाऊसच विक्रमी झाला’ असे उत्तर मिळाले. त्या वर्षी पाऊस सरासरीच्या आसपासच होता.

निवृत्त_स्थापत्य | 2 जून, सकाळी 9.02

आपला राग रास्त आहे. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हवेचे तापमान एका अंशाने वाढले तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे. त्याला पालिका जबाबदार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले, आणि त्यासाठी लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून आले. हा अधिकचा पाऊस ज्या ओढ्यातून वाहून जायचा तो ओढा बुजवणे, हे मात्र पूर्णपणे आपले कर्तृत्व आहे. गटाराचा व्यास जुन्या पावसाच्या हिशेबाने ठरलेला असताना त्यात कचरा राहू देणे ही पूर्वी चूक होती, आता ती अधिक महाग चूक आहे.

घोडबंदरकर | 2 जून, सकाळी 9.10

‘अधिक महाग चूक’ मान्य. पांघरुणाबद्दलचे मत कायम.

नेरूळचे_डॉक्टर | 2 जून, दुपारी 2.45

सर्व चर्चा पाण्यावर चालली आहे, म्हणून चौथ्या मजल्याची बाजू मांडतो. पाण्याचे नुकसान दिसते, त्याची छायाचित्रे निघतात, पंचनामा होतो. उष्णतेचे नुकसान रक्तदाब, मूत्रपिंड आणि झोप यांच्या खात्यावर जमा होते व तेथेच राहते.

किनारपट्टीवर कमाल तापमान 37 अंश किंवा त्याहून अधिक झाले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असले, तर हवामान खाते उष्णतेची लाट धरते. मैदानी भागासाठी हीच सुरुवात 40 अंशांपासून होते. हा फरक दमटपणामुळे आहे. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर होते, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत तो वाळत नाही. विदर्भातील नातेवाईक आपल्याला ‘तुमचे 36 म्हणजे काय ऊन’ असे हसतात, त्यांना हे समजावून सांगणे कठीण जाते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. त्या दिवशीचे तापमान चाळीशीच्याही खालीच होते. परंतु उघड्यावर, तासन्‌तास, दमट हवेत बसणे हाच खरा आकडा होता.

म्हणून माझा प्रश्न असा आहे : तुमच्या सोसायटीत दिवसभर सर्वांत जास्त ऊन कोण सोसते? चौथ्या मजल्यावरील सभासद पंखा, एसी लावू शकतात. वॉचमनच्या केबिनवर कसले छप्पर आहे?

सानपाडा_सचिव | 2 जून, दुपारी 3.30

पत्र्याचे. आणि केबिन प्रवेशद्वाराशी, पश्चिमेच्या तोंडाला आहे. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच खाली जाऊन आले. स्वयंपाकघरातला तापमापक टेबलावर वीस मिनिटे ठेवला. बाहेर ढग असूनही 36 दाखवतो आहे. आमचे यादवकाका गेली अकरा वर्षे तेथे बसतात. त्यांनी पत्र्याखाली आतल्या बाजूने साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे दोरीने बांधलेले आहेत, हे मी आज प्रथम पाहिले. रोज तेथून जाते.

गच्चीप्रेमी | 2 जून, संध्याकाळी 7.50

गच्चीबाबत आमचा अनुभव. ऐरोलीत आमच्या सोसायटीने तीन वर्षांपूर्वी ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. पहिल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर स्पष्ट फरक जाणवला. दुपारी गच्चीवर अनवाणी उभे राहता येत होते. त्यानंतर पावसाळा आला आणि ऑक्टोबरमध्ये आमची पांढरी गच्ची हिरवट-काळी झाली होती. अशा रंगांच्या जाहिरातींत शेवाळ दिसत नाही. मळलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही, त्यामुळे दरवर्षी फेब्रुवारीत गच्ची ब्रशने घासून धुण्याचे काम ठरवून टाकावे लागते, आणि ते अंदाजपत्रकात धरावे लागते. नव्याने करायचे असेल तर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक करा. ते महाग पडते, परंतु टिकते, धुता येते आणि उतार नीट काढला तर गळतीही थांबते.

अनेक सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. सावली मिळते हे खरे. परंतु त्यासाठी रीतसर परवानगी लागते, आणि 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या समोरच्या इमारतीचा पत्रा आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडला होता. सुदैवाने खाली कोणी नव्हते.

आळशी_कासव | 2 जून, रात्री 8.20

तो पत्रा तुम्ही परत केला का, हा प्रश्न सोसायटीच्या उपविधींत कोठे येतो?

गच्चीप्रेमी | 2 जून, रात्री 8.26

परत केला. त्यांनी तो पुन्हा बसवला. आम्ही अजून त्या बाजूला गाडी लावत नाही.

वीजबिल_वाचक | 3 जून, सकाळी 10.10

शेडऐवजी सौर पॅनेलचा विचार करा. पॅनेलखालच्या स्लॅबवर सावली पडते आणि लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे यांचे बिलही कमी होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान आहे. मात्र पॅनेल बसवण्याआधी गच्चीचे जलरोधक काम पूर्ण करून घ्यावे, अन्यथा गळती शोधण्यासाठी पुढे सर्व सांगाडा उचलावा लागतो. वाऱ्याच्या दाबाचा हिशेब अभियंत्याच्या सहीने लेखी घ्यावा. वरचा पत्र्याचा किस्सा पॅनेलच्या बाबतीतही घडू शकतो.

खारेपाटची_नात | 3 जून, रात्री 11.15

निवृत्त काकांनी सांगितलेली धारण तलावाची रचना वाचून मला हसू आले, कारण ती डच म्हणून सांगितली जाते. माझे आजोळ अलिबागच्या खारेपाटात आहे. तेथे खाडीचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधात लाकडी दाराची सोय असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातील पाणी आतून दार ढकलून बाहेर जाते, भरतीला खाडी ते दार बाहेरून लावते. हे सारे आजोबांनी हॉलंडचे नाव ऐकण्याआधीपासून चालू होते. येथील वाशीगाव, जुहूगाव, घणसोलीच्या आगरी-कोळी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना विचारा. भरावाखाली गेलेल्या खाजणांच्या उघाड्या कोठे होत्या, हे त्यांच्यातील काहींना अजून बोटाने दाखवता येते.

आजोबांकडून ऐकलेली गोष्ट अशी की दार बसवणे हे काम सोपे. ते बंद होते की नाही हे पाहणे अवघड. दारात काठी, पेंढा, खेकड्याने उकरलेला ढेकूळ अडकला की दोन बोटांची फट राहते. उधाणाच्या रात्री त्या फटीतून खारे पाणी आत येते, आणि बांधाला खांड (भगदाड) पडली तर पुढची काही वर्षे शेत भाताच्या कामाचे राहत नाही. म्हणून बांधावर ज्यांची शेते अवलंबून असत, त्या सर्व शेतकऱ्यांचा मिळून ‘जोळ’ असे. खांड पडली की जोळातील प्रत्येक घरातून माणूस गेलाच पाहिजे. न गेल्यास काय होत असे, ते आजोबांनी कधी सांगितले नाही. बहुधा कोणी न जाण्याचे धाडस करीत नसावे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणारे ‘पनवेल 1, 2, 3’ हे भाताचे वाण काढले, त्यांचा उपयोग झाला. परंतु कोणताही वाण बांधाची जागा घेत नाही.

तात्पर्य एवढेच की सानपाडाताई, तुमच्या आवाराचे गटार जेथे नाल्याला मिळते, तेथे एक उघाडी बसवता येईल का, ते पाहा.

निवृत्त_स्थापत्य | 4 जून, सकाळी 7.05

शंभर टक्के योग्य सूचना, आणि ती मला सुचायला हवी होती. बाजारात तिला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह किंवा फ्लॅप व्हॉल्व्ह म्हणतात. शेवटच्या चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाशी बसतो. मात्र एक लक्षात घ्यावे : झडप बंद असताना तुमच्या गच्चीचे आणि आवाराचे पाणीही बाहेर जाणार नाही. म्हणून झडपेच्या आत एक छोटा खड्डा व त्यात पाणबुडी पंप लागेल, जो पाणी झडपेच्या पलीकडे, वरच्या पातळीवरून फेकेल. नुसता पंप बसवला आणि झडप नसली, तर तुम्ही खाडी उपसत बसाल.

फ्लेमिंगो_दर्शक | 4 जून, दुपारी 1.30

धारण तलावातील गाळाचा उल्लेख झाला, तेव्हा कोणी तरी ‘खारफुटी कापा’ म्हणणार याची वाट पाहत होतो. अजून कोणी म्हटले नाही, त्याबद्दल आभार.

घोडबंदरकर | 4 जून, दुपारी 1.48

मी म्हणतो. तलाव पाणी साठवण्यासाठी बांधले, जंगल वाढवण्यासाठी नव्हे. खारफुटी खाडीच्या बाजूला असावी, पाणी निचऱ्याच्या टाकीत नसावी.

फ्लेमिंगो_दर्शक | 4 जून, दुपारी 2.40

मुद्दा चुकीचा नाही, परंतु अर्धा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार खारफुटी तोडायची तर सार्वजनिक हित दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि खारफुटीभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. ही अट नसती तर गाळ काढण्याच्या निमित्ताने काय काय निघाले असते, याचा विचार करावा. याच खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लाटांचा जोर मोडणे, गाळ धरून ठेवणे आणि काठ न ढासळू देणे ही खारफुटीची कामे कोणताही पंप करीत नाही. तलावाच्या आत वाढलेली झाडे आणि खाडीकाठचे जंगल यांत भेद करून, जेथे आवश्यक आहे तेथे परवानगीने मर्यादित मार्ग मोकळा करावा; परंतु ‘खारफुटीमुळे पूर आला’ हे वाक्य जपून वापरावे.

घोडबंदरकर | 4 जून, दुपारी 2.55

‘मर्यादित मार्ग’ एवढे मान्य असेल तर आपण दोघेही तेच म्हणत आहोत. मला हे आवडलेले नाही.

मासुंदाकाठ | 5 जून, रात्री 9.00

ठाण्याची बाजूही नोंदवतो. आम्हाला तलावांचे शहर म्हणतात आणि तलावांभोवती आम्ही दगडी कठडे, फरशा, कारंजी व वडापावच्या गाड्या उभ्या केल्या. तलावाचा मूळ उपयोग असा की आजूबाजूचे पावसाचे पाणी त्यात यावे आणि जमिनीत मुरावे. पाणी आत यायचे मार्गच फरशीने बंद झाले, तर तो तलाव म्हणजे मोठा हौद होऊन बसतो. आमच्या सोसायटीने एवढेच केले की आवारातील पेव्हर ब्लॉकपैकी एक पट्टी काढून झाडांच्या बुंध्यांभोवती माती मोकळी केली. पूर थांबला असा दावा नाही. उन्हाळ्यात त्या बाजूच्या भिंतीशी ज्येष्ठ नागरिक खुर्च्या नेऊन बसतात, एवढे मात्र दिसते.

सानपाडा_सचिव | 23 जून, रात्री 10.30

सर्वांचे मनापासून आभार. काल सभा झाली, साडेतीन तास चालली. निर्णय असे झाले : गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये झडप, आत खड्डा आणि पंप, मीटर वर उचलण्यासाठी महावितरणकडे अर्ज, गच्चीचे चायना मोझॅक ऑक्टोबरनंतर, कारण पावसात ते काम होत नाही आणि तोपर्यंत निधीही थोडा भरेल. म्हणजे पाणी आधी की ऊन, याचे उत्तर शेवटी ऋतूनेच दिले. वॉचमनच्या केबिनचा ठराव मी अजेंड्यावर घेतलेला नव्हता. पुठ्ठ्यांचा फोटो दाखवल्यावर तो चर्चेविना संमत झाला. पत्र्याऐवजी उष्णतारोधक छत, भिंतीवरचा पंखा आणि पश्चिमेला बांबूची चटई, एवढे काम याच आठवड्यात होईल.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याने विरोधात मतदान केले. तळमजलेवाले साहेबांचे भाकीत खरे ठरले.

तळमजलेवाला | 23 जून, रात्री 10.41

अनुभव आहे.

सानपाडा_सचिव | 14 जुलै, रात्री 8.10

झडपेचा पहिला अहवाल. गुरुपौर्णिमेनंतरच्या उधाणात बाहेरच्या नाल्याचे पाणी वर चढले आणि झडप लागली. परंतु जाळीतून पुन्हा बुडबुडे येऊ लागले. प्लंबरने चेंबर उघडला, तर झडपेच्या कडेत शहाळ्याच्या सालीचा तळहाताएवढा तुकडा अडकला होता. दोन बोटांची फट होती. खारेपाटच्या ताईंची आठवण झाली.

आता उधाणाच्या दिवशी भरतीच्या तासभर आधी चेंबर पाहण्यासाठी सभासदांची पाळी लावली आहे. फलकावर यादी लागली असून तिला कोणी तरी पेनाने ‘जोळ’ असे नाव दिले आहे. पहिली पाळी तिसऱ्या मजल्यावर आली आहे.

खारेपाटची_नात | 14 जुलै, रात्री 8.22

बॅटरी आणि लांब दांड्याचा आकडा यादीशेजारीच टांगून ठेवा. रात्रीच्या भरतीला कोणी शोधत बसत नाही.